काहून टाकता वो?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरी नाही, कचेरीत नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय—का, ते माझं मलाच धड कळत नाही.

पण आधी मला जरा मिरवू द्या. हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या नगरपंचायतीची घंटागाडी रोज सकाळी गल्लोगल्ली फिरते ना, तिच्यावरचा आवाज माझा. "घर लख्ख ठेवता, अन् कचरा रस्त्यावर काहून टाकता वो?" त्या एका 'काहून'वर अख्खं गाव फिदा आहे. बाजारात लेकरं मला बघून ओरडतात, "काहून टाकता वो, मॅडम!" इथल्याच गोरेगावच्या जीपमध्ये ड्रायव्हरनं नुसत्या आवाजावरून ओळखलं, पुढची सीट दिली. मी साधी आवक-जावकची क्लार्क. कुणाची मान ताठ होणार नाही, सांगा बरं?

आता ते 'काहून'. मी तसं बोलते का कधी? मी 'का' म्हणते. शुद्ध. कॉलेजात वक्तृत्वाचा कप मिळवलाय मी!

वाक्य कमलाचं. तांड्यावरची कमला, बचत गटाची अध्यक्ष. स्वच्छतेच्या सभेत सगळ्यांनी कागद बघून भाषणं केली—मीसुद्धा. मग ही उठली, कमरेला पदर खोचला अन् शेजारणीला झापावं तसं लोकांना हे बोलली. माणसं हसून हसून लोटपोट. आमचे मुख्याधिकारी साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "हाच आवाज गाडीवर पाहिजे. उद्या रेकॉर्डिंगला तिला घेऊन या."

निरोप द्यायचं काम माझं. तांडा किती लांब? कचेरीतून चालत दहा मिनिटं. मी गेलेच नाही. अन् दुसऱ्या दिवशी साहेबांना म्हणाले—काय म्हणाले असेन?—"तिचा नवरा पाठवत नाही, साहेब." साहेब हळहळले. मग मीच हळूच म्हटलं, "मी करून बघू का?"

तिचा नवरा! "सभा हसवली आमच्या कमलानं" म्हणून जो भेटेल त्याला सांगत फिरणारा माणूस. त्या बिचाऱ्याच्या माथी मारलं मी.

आठवड्यानं कमला गटाचा कागद घेऊन कचेरीत आली. जाता जाता दारात थांबली.

"मॅडम, त्या दिशी साहेब काई बोलले का वो माझ्याबद्दल?"

"नाही गं," मी म्हणाले. मानसुद्धा वर केली नाही.

गाडी पहिल्यांदा तांड्यावर गेली तेव्हा तिनं ऐकलंच असणार. आपलं बोलणं कुणाला ओळखू येत नाही? पण मला एका शब्दानं विचारलं नाही. अजूनही प्रत्येक सभेला येते, मागं बसते, सही करून जाते. बोलत मात्र नाही.

काल सकाळी कामासाठी मी तांड्यावर गेले होते. कमला बादली घेऊन दारात उभी. गाडी आली, माझा आवाज सुरू झाला—अन् तिचे ओठ हलायला लागले. माझ्या बरोबर. एक अक्षर मागं नाही, पुढं नाही. मी कोपऱ्यावर होते, तिला दिसले नाही.

खोटं कशाला बोलू? तिथं उभी राहून मी माझा आवाज शेवटपर्यंत ऐकला. छान वाटला.