पिवळ्या व्हॅनमध्ये परीची बारी

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितोय.

निघालो होतो देऊळघाटला मित्राकडे. नांदुऱ्यात भजी खात बसलो, बस गेली, म्हणून वडनेरला ताईकडे मुक्काम टाकला. असो.

ताईला जुळं आहे, ओम आणि परी. घरात एकच सायकल, तिच्यावर दोघं बारीबारीनं बसतात. आज दोघांचा पहिलीचा पहिला दिवस. दारात नांदुऱ्याच्या इंग्लिश शाळेची पिवळी व्हॅन आली, तशी परी पळत जाऊन ओमच्या आधी आत बसली.

भाऊजींनी तिला हाताला धरून खाली उतरवलं. "तुही शाळा गावातच हाय, बाई."

"काऊन?"

"तुले काय करा लागते इंग्लिश? तू तं लोकाच्या घरी जाशीन."

मी म्हटलं, "भाऊजी, दोघाईले एकाच शाळेत घाला ना. गावातल्या घाला, नाही तं नांदुऱ्याच्या."

"दहावी नापास, अन् मले शिकवते बे!" भाऊजी हसले. ताई भाकरी थापत राहिली.

परीला जिल्हा परिषदेच्या शाळेत मीच सोडलं. शाळा वाईट नाही, मीही तसल्याच शाळेत होतो. पण चांगली म्हणून तिला तिथं कोणी घातलंच नाही. पोरीला एवढी पुरे, म्हणून घातलं.

सरकारी की खाजगी, यावर तुम्ही इथं रोज भांडता. तुमच्या घरात पोराची शाळा कोणती आणि पोरीची कोणती, तेही लिहा एकदा.

वाटेत परीनं विचारलं, "मामा, उद्या गाडीत माही बारी ना?"

मी "हाव" म्हणून बसलो. तुम्ही काय म्हटलं असतं?