चौथी लाल एंट्री

दादाचं फौजेतलं डिस्चार्ज बुक मी पहिल्यांदा पाहिलं ते कुवेतमध्ये, रिग्गईतल्या आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात. शुक्रवार होता, इथला सुट्टीचा वार. दादा सुलैबियाहून दोन बस बदलून आला, आल्या आल्या पाणीसुद्धा न मागता त्याने दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं ते छोटं पुस्तक ओट्यावर ठेवलं आणि म्हणाला, "वाच."

मी पोळ्या लाटत होते. पिठाचे हात लागू नयेत म्हणून मी ते कोपराने बाजूला सरकवलं आणि गॅस बंद केला. दादा स्वतःहून काही दाखवतो आहे, हेच आमच्या घरात नवल होतं. मी काहीही सहज बोलून मोकळी होते, तो गिळून मोकळा होतो.

तो सुलैबियात एका कोल्ड स्टोरेजच्या फाटकावर सिक्युरिटी गार्ड आहे. मी इथे एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन. मी आधी आले, मग खटपट करून त्याला आणलं. त्याच्या कंपनीला सुपरवायझर हवा होता आणि तो माजी सैनिक असेल तर उत्तम, असं मॅनेजरने सगळ्यांसमोर सांगितलं. वर दादाकडे बघून म्हणाला, "तुम तो फौजी हो, बुक लेके आना." दादाने बुक नेलं नाही. माझ्याकडे आणलं.

आत अकरा वर्षांची नोकरी चार पानांत होती. शेवटी सेवेतून कमी करण्याचं कारण लिहिलं होतं: सेवेची आवश्यकता नाही. वर्तणुकीपुढचा शेराही असा की कुणीही वाचला तर पुस्तक मिटून परत देईल.

"चार लाल एंट्र्या झाल्या की असंच लिहितात," तो म्हणाला. "शिक्षा लाल शाईनं मांडतात. चार भरल्या की घरी."

पहिली, बाहेरून परत यायला दोन तास उशीर झाला म्हणून. दुसरी, लंगरमध्ये जेवणाच्या रांगेत एकाच्या कानाखाली वाजवली म्हणून. तिसरी, सुभेदाराला उलट बोलला म्हणून. चौथी, रजा संपल्यावर बावीस दिवस उशिरा हजर झाला म्हणून. ते बावीस दिवस कुठले, हे मला सांगायची गरज नव्हती. ते आमच्या आईच्या शेवटच्या आजारपणातले होते.

"सुपरवायझर व्हायचंय का तुला?" मी विचारलं.

"सुपरवायझर गेला खड्ड्यात. आबांच्या हयातीत तो शेरा बदलून पाहिजे."

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. तिथे दर तिसऱ्या घरात एक गणवेशातला फोटो असतो. आमच्या भिंतीवर तीन होते: आजोबा, आबा आणि दादा. आबा, म्हणजे आमचे वडील, सुभेदार म्हणून निवृत्त झाले, आणि दादा त्यांच्याच पलटणीत गेला. तो ट्रंक घेऊन कायमचा परत आला त्या दिवशी आबांनी त्याला काही विचारलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी भिंतीवर दोनच फोटो होते, आणि तिसऱ्या खिळ्याला आबांनी कॅलेंडर अडकवलं होतं. दर महिन्याला ते स्वतः पान उलटत. त्या कॅलेंडरचा मला इतका राग होता की एकदा मी ते काढून चुलीत घालणार होते. दादाने हात धरला.

तर अर्ज करायचं ठरलं. सेवेतून काढल्याचं कारण बदलून मिळावं आणि वर्तणुकीचा शेरा सुधारावा, असा विनंतीअर्ज. लष्करात हेडक्लार्क म्हणून नोकरी केलेले एक गृहस्थ आमच्या तालुक्याच्या गावी असे अर्ज लिहून देतात. त्यांच्याशी फोनवर बोलून मी शुक्रवारी शुक्रवारी मसुदा टाइप करायला बसू लागले. समोर दादा पाठ ताठ करून बसायचा, जणू मीच त्याची कमांडिंग ऑफिसर. माझी मुलगी येता-जाता विचारायची, "मामा, व्हाय आर यू सो सिरियस?" तो तिला चॉकलेट द्यायचा.

माहिती अधिकारात जुने कागद मागवले, ते यायला पाच महिने लागले. ते वाचून हेडक्लार्क साहेबांचा फोन आला. आवाजात उत्साह होता.

"ताई, पहिल्या तीन एंट्र्यांना हात लावायचाच नाही. चौथी पाडा. चौथी पडली की चार राहत नाहीत, आणि चार नसतील तर काढण्याला आधारच उरत नाही. पण एक अडचण हाय. कागदावर लिवलंय की रजा वाढवून मागण्याचा अर्ज आलाच न्हाई. तुमचे बंधू म्हणतात की डॉक्टरच्या सर्टिफिकेटासकट लिवला होता. मग पोस्टाची पावती कुठंय? पावती नसंल तर ज्यानं टाकला त्याचं प्रतिज्ञापत्र आणा."

मी दादाकडे बघितलं. "कुणी टाकला होता?"

"मी दवाखान्यात आईपाशी होतो."

"ते विचारलं नाही मी. टाकला कुणी?"

तो उठला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला. बाहेर त्या दिवशी धूळ उठली होती, समोरची इमारतही दिसत नव्हती. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं.

दादा आईपाशी, म्हणजे पोस्टात जाणारे एक आबाच. माझा स्वभाव तसा उतावळा. मी लगेच गावी फोन लावला. आबांचं वय झालंय, पण फोन ते पहिल्या घंटेला उचलतात.

"आबा, आई आजारी असताना दादानं रजा वाढवायचा अर्ज दिला होता. तो रजिस्टर तुम्हीच केला होतात ना? पावती ठेवली असेल तर बघा."

मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मागे कुणाच्या तरी घरातला मिक्सर चालू होता, तोसुद्धा ऐकू येत होता.

"आवाज तुटतुय तुझा," आबा म्हणाले आणि फोन ठेवला.

आवाज अजिबात तुटत नव्हता. मी मोबाईल टेबलावर आपटला तेव्हा दादा दारात उभा होता.

"तुला ठाऊक होतं," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. मग खाली बसून, माझ्याकडे न बघता, बारा वर्षांनी त्याने सांगितलं. आई गेली त्या सकाळी बायका म्हणाल्या, सवाष्ण गेली, हिरवी साडी आणा. आईची साडी आबांच्या ट्रंकेत होती. दादाने ट्रंक उघडली, तर साडीवर त्याचाच लिफाफा. तिकिटं चिकटवलेली, पत्ता त्याच्या अक्षरात. त्याने लिफाफा उचलून बाजूला ठेवला, साडी काढली, लिफाफा होता तिथे परत ठेवला आणि ट्रंक बंद केली.

"आणि आबांना काही विचारलं नाहीस?"

"आई बाहेर अंगणात होती गं."



आबांनी तो का टाकला नाही, हे दादाला न विचारताही समजलं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. आबा पलटणीत असताना आजोबा गेले. आबा सीमेवर होते, त्यांनी रजा मागितलीसुद्धा नाही. फौजी माणूस मिळालेली सुट्टी संपली की निघतो, रजा वाढवून मागत नाही, हे त्यांनी आम्हाला लहानपणी कैकदा ऐकवलेलं. दोन दिवसांत पोराला समजावून गाडीत बसवू, असं त्यांच्या मनात असणार. मग आईचं दुखणं जास्त झालं, आणि तिच्या उशाशी बसलेल्या मुलाला ऊठ म्हणायची त्यांची छाती झाली नाही. अर्ज टाकायची वेळही निघून गेली. आई गेली, तेरावं झालं, दादा पलटणीत हजर झाला.

तिथे टोपी आणि पट्टा काढून साहेबांपुढे उभं करतात. विचारलं, अर्ज का पाठवला नाही? कारण काय?

"मी म्हणालो, कारण नाही साहेब. कसूर मान्य."

"का रे? का? एक वाक्य बोलायचं होतंस!"

"सुभेदार मेजर साहेब तिथंच उभे होते. ते आबांच्या हाताखाली शिकलेले. त्यांच्यासमोर काय सांगू, सुभेदारानं पोराचा अर्ज दाबला म्हणून?"

मी रडले. रागाने रडले, आणि आईसाठीही रडले असेन. मग डोळे पुसून लॅपटॉप उघडला आणि सगळं लिहून काढलं: लिफाफा, ट्रंक, साडी. इतका पक्का मुद्दा हेडक्लार्क साहेबांना आयुष्यात मिळाला नसेल. दादाने ते दोनदा वाचलं. मग एका बोटाने, हळूहळू, तो सगळा परिच्छेद पुसून टाकला.

"त्यांच्यासाठी करतोय ना मी हे," तो म्हणाला. "त्यांनाच आरोपी करून?"

आम्ही भांडलो. मी म्हणाले, मग मर तसाच फाटकावर. हे वाक्य मी बोलायला नको होतं. तो जेवून, ताट विसळून गेला.

अर्ज त्याने सांगितला तसाच गेला. आईचं आजारपण, मृत्यूचा दाखला, आणि 'अर्ज वेळेत पोहोचू शकला नाही' एवढं एक वाक्य. आठ महिन्यांनी उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं की अर्जदाराने त्या वेळी कसूर मान्य केला होता, कोणतंही कारण दिलं नव्हतं, आणि आता इतक्या वर्षांनी कारण ग्राह्य धरता येत नाही. विनंती अमान्य. मी ते त्याला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बरं." मागे फाटकात शिरणाऱ्या ट्रकचा हॉर्न वाजत होता. "ठेवतो, गाडी आलीय."

आबांना कळवायचं काम माझ्याकडे आलं. मी मुद्दामच सविस्तर सांगितलं, एकेक शब्द. "कारण दिलं नव्हतं म्हणून नामंजूर केलं, आबा." ते "हं" म्हणाले. त्या एका 'हं'वरून मी पुढचे दोन महिने त्यांना फोन केला नाही.

मग आमच्या गावाजवळची, इथल्याच इस्पितळात नर्स असलेली एक मैत्रीण रजेवरून परतली. तिच्या हाती आबांनी पार्सल दिलं होतं. शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, आणि जुन्या बनियनच्या कापडात बांधलेलं काहीतरी चपटं. वर दादाचं नाव होतं. मी ते उघडलं नाही, ही माझ्या आयुष्यातल्या थोड्या चांगल्या गोष्टींपैकी एक.

शुक्रवारी दादा आला. गाठ सुटेना म्हणून त्याने ती दाताने सोडवली. आत तो लिफाफा होता, पिवळा पडलेला. तिकिटांवर शिक्का नव्हता. सोबत वहीचा एक कागद. वर आबांचा फौजी नंबर, हुद्दा, नाव, पलटणीत लिहितात तसं एकाखाली एक. त्याखाली: 'कसूर – मुलाने रजा वाढवण्यासाठी दिलेला अर्ज हाती असून पोस्टात टाकला नाही.' पुढे 'कारण' असं लिहून तीन-चार ओळी लिहिल्या होत्या, आणि त्या इतक्या गिरवून खोडल्या होत्या की कागद फाटला होता. शेवटी 'कसूर मान्य' आणि सही. सगळं लाल पेनाने.

दादाने तो कागद उभ्याने वाचला. मग भिंतीला टेकून खाली बसला आणि हुंदके देऊन रडला. चाळीशी ओलांडलेला भाऊ असा रडताना मी कधी पाहिला नव्हता. आईच्या वेळीही नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काही सुचेना म्हणून चटणीचा डबा उचलून फ्रिजमध्ये ठेवला, खरं तर ती बाहेरच ठेवायची असते.

हेडक्लार्क साहेब म्हणाले होते की नवा पुरावा सापडला तर पुन्हा दाद मागता येते. मी ते बोलले. दादाने कागद घडी करून डिस्चार्ज बुकात ठेवला आणि बुक दुधाच्या पिशवीत. "आबांचं नाव लाल शाईत त्या ऑफिसात जायचं न्हाई," तो म्हणाला. मला पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही. त्याच्या पुस्तकात अजून तोच शेरा आहे, आणि सुपरवायझर दुसराच कुणीतरी झाला.

जेवण झाल्यावर त्याने गावी फोन लावला. स्पीकर चालू होता. दोघंही पार्सलबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. गुडघा कसा आहे, नळाला पाणी किती वेळ येतं, शेजारच्यांची म्हैस व्याली.

"सुट्टी कवा हाय?" आबांनी विचारलं.

"पुढच्या महिन्यात. तीस दिवस."

"तीसच?" आबा म्हणाले. "वाढवून मिळती का बघ. अर्ज कर."

फोन माझ्या हातात होता, दादा नुसता मान हलवत राहिला, आणि आबांना ते दिसत नव्हतं. शेवटी मीच म्हणाले, "करतोय, आबा."

संध्याकाळी त्याने मोबाईलवर कंपनीचा रजेचा फॉर्म उघडला. इंग्रजीतला होता, म्हणून माझ्याकडे दिला. नाव, सिव्हिल आयडी, किती दिवस, कधीपासून. मी भरत गेले आणि एका रकान्यापाशी थांबले.

"कारण काय लिहू?"

त्याने वाकून तो चौकोन बघितला.

"लिही," तो म्हणाला, "वडिलांनी थांबायला सांगितलंय."