मालूआत्या कादंबरीत गेली

परवा सकाळी माझी मालूआत्या भूत झाली.

दचकू नका. आमच्या घरात हा मान आहे, आणि तो आजवर फक्त तीच देत आली होती.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. बाबा स्टील प्लांटमध्ये लागले तेव्हा वर्ध्याहून भिलाईला आली ती कायमचीच. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच, तर म्हणायची, "माह्या बटना मजबूत होत्या."

या उत्तराचा अर्थ कळायला तिची कादंबरी ऐकलेली असावी लागते.

ती कादंबरी कागदावर कधी उतरलीच नाही. चारच्या चहाला आमच्या सेक्टरमधल्या क्वार्टरच्या व्हरांड्यात, मटार सोलता सोलता आत्या ती सांगायची. एक छोटंसं गाव. तिथे शोभा नावाची टेलर. तिच्या समोर माधवचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. दोघांचं एकमेकांवर जीवापाड प्रेम, पण बोलायची हिंमत एकाचीही नाही.

म्हणून गावातली भुतं रोज माधवच्या शर्टाचं एक बटण तोडायची.

बटण तुटलं की तो शोभाकडे जाणार. ती बटण लावणार. तो "किती झाले?" विचारणार, ती "राहू द्या" म्हणणार. झाला एपिसोड.

एवढ्यावर आमच्या क्वार्टरच्या लाइनीतल्या बायकांनी वर्षानुवर्षं काढली हो! टीव्ही बंद करून यायच्या.

ही भुतं कोण होती माहितीये? आमच्याच लाइनीत वारलेली माणसं. कोणी गेलं की तेरावी होऊ द्यायची, आणि पुढच्या एपिसोडला ते माणूस त्या गावात हजर. नायर अंकल शिट्टी वाजवत आले. घोरपडे काकू तिथेही विरजण मागत फिरायच्या.

आमच्या शेजारच्या साहू काकींचे मिस्टर हार्ट अटॅकने गेले. त्यांना एक सवय होती. कोणाच्याही अंगणात नळ टपकताना दिसला की सायकल थांबवून बंद करायचे. काकी तेरावीनंतर पहिल्यांदा व्हरांड्यात आल्या, कोपऱ्यात बसल्या. आत्या मटार सोलत म्हणाली, "आज गावात सायकलवर एक नवीन भूत आलं. माधवचं बटन तोडाले गेलं, अन् मधातच नळ बंद करत बसलं."

काकी हसल्या. मग खूप रडल्या. मग परत हसल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा एकच प्रश्न. "ओ ह आज का करिस?" आज त्यांनी काय केलं?

आत्या मराठीत बोलायची, काकी छत्तीसगढीत. दोघींचं कधी काही अडलं नाही.

बाबा रिटायर झाले. क्वार्टर सोडून आम्ही नेहरू नगरला घर घेतलं, काकींच्या मुलानेही मागच्याच गल्लीत घेतलं. सामान निघालं तेव्हा काकी क्वार्टरच्या पायरीवरून उठेचनात. नवरा तिथेच राहिला असं वाटत होतं त्यांना. आत्या म्हणाली, "रडून कावून राहिली? तो तं ट्रकमध्ये पुढे बसला!"

मी खूपदा म्हटलं, आत्या, लिहून ठेव ना. निदान त्या दोघांचं लग्न तरी लाव.

"लगन लावलं तं भुतं बेकार होतीन न! मंग कुठं जातीन बिचारे?"

"आणि तू विसरलीस तर?"

"तू आहेस न."

मी हसण्यावारी नेलं. माझं मराठी घरापुरतं, तेही अर्धं हिंदी. मी काय कादंबरी सांगणार?

आज आमची चूल बंद, म्हणून साहू काकी डबा घेऊन आल्या. डबा ठेवला, व्हरांड्यात बसल्या. आत्याच्या खुर्चीकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "कहानी बंद हो जाही त मोर घरवाला फेर मर जाही, बेटी." गोष्ट थांबली तर माझा नवरा पुन्हा मरेल.

आत्या गेल्याचं मला तेव्हा खरं कळलं. आम्ही एका माणसाला निरोप दिला होता, आणि तिच्यामागे गेलेल्यांची सगळी लाइन उभी होती.

तेरावी व्हायची आहे. नियम मोडला. आत्या, सॉरी.

मी चहा ठेवला, काकींच्या शेजारी बसले आणि जमेल तसं सुरू केलं.

"आज गावात एक नवीन बाई आली. आल्या आल्या म्हणाली, चहात साखर कमी आहे. मग माधवच्या दुकानात गेली आणि भुतांना, एक एक काय तोडत बसता, म्हणून त्याच्या शर्टाची सगळी बटणं एकदम तोडली."

काकी पदर तोंडाला लावून हसल्या. मग हळूच विचारलं, "अउ ओ ह?" आणि ते?

"त्यांनी सायकल लावली, नळ बंद केला, आणि तिला बसायला खुर्ची दिली."

काकींनी डोळे पुसले. कप खाली ठेवला. जाताना फाटकातून म्हणाल्या, "काली फेर आहूं."

उद्या परत येणार आहेत.

आत्या, लग्न मी लावणार नाही. तुझ्याशिवाय घर खायला उठतंय, पण चारचा चहा चुकणार नाही.

मनापासून श्रद्धांजली गं.
आता कामाला लाग.