वांग्याच्या मुळातल्या गाठी

काल आदिलाबादच्या घरामागचं वाळलेलं टोमॅटोचं झाड उपटलं. मुळांवर गाठीच गाठी होत्या. ओल्या, कुजक्या मुळांचा तो वास नाकात गेला आणि तलमडुगु गावातल्या घरच्या ओसरीवर बसलेली ताई डोळ्यांपुढे आली.

कृषी महाविद्यालयात शिकणारी माझी थोरली बहीण त्या सुट्टीत कॉलेजातून सूक्ष्मदर्शक मागून घेऊन आली होती. आमची वांगी पिवळी पडत चालली होती. तिनं मुळाची एक गाठ ब्लेडनं चिरली आणि बाबांना भिंगातून पाहायला लावलं.

"हे मोत्यावानी काय हाय वं?" बाबांनी विचारलं.

"सूत्रकृमीची मादी हाय, बाबा. नर दोऱ्यावानी बारीक राह्यते, फिरते. ही एकदा तोंडातली सुई मुळात खुपसून बसली का तिथंच फुगते, मंग हलत नाही. हिच्या मागच्या टोकाले अंगठ्याच्या ठशावानी रेघा असतात, त्याच्यावरून जात वळखतात. आपल्या वावरातली कोणती, ते मी पाहून सांगीन."

मला तेव्हा नुसती किळस आली होती. आता आठवतो तो बाबांना शिकवताना उजळलेला तिचा चेहरा.

श्रावणात तापाचं निमित्त होऊन ताई गेली. जात कोणती, ते कळायचं राहूनच गेलं. कृमी हटावेत म्हणून तिच्या सांगण्यावरून बाबांनी वांगी काढून झेंडू लावला होता. दसऱ्याच्या तोंडावर सगळं वावर पिवळं झालं. व्यापारी बांधावर आला, तेव्हा बाबा म्हणाले, "इकायचा नाही, भाऊ. राहू द्या तसाच."

फुलं झाडांवरच वाळली.