उंबऱ्यातलं थिएटर

राळेगावात धर्मपालचा साउंड ज्याच्या कानावर गेला नाही, तो माणूस गावचाच नव्हे. लग्न असो की जयंती, त्याचे स्पीकरचे डबे लागले की पलीकडच्या गल्लीत मांडणीवरची भांडी नाचायची. सगळं गाव वाहवा करी, पण घरची बायको, ममता, मिरवणूक दिसताच कानांत कापसाचे बोळे कोंबायची. "डोकं उठते माहं," एवढंच तिचं मत. इतक्या वर्षांच्या धंद्यात तिच्या तोंडून एकदा तरी 'बरं वाजते' ऐकावं, हीच धर्मपालची आस होती आणि ती पुरी होत नाही याचं त्याला खरोखर वाईट वाटायचं.

म्हणून यंदा त्याने घरातच पाच स्पीकर मांडायचे ठरवले. समोर डावी-उजवीकडे दोन, त्यांच्या मधोमध एक आणि ऐकणाऱ्याच्या पाठीमागे दोन. कोणीच ओरडायचं नाही. सगळ्यांनी सारख्या अंतरावरून हळू बोलायचं, म्हणजे मधे बसलेल्याला आपण तिथंच गेलो असं वाटतं. पण जित्याची खोड! मागचे दोन स्पीकर त्याने सवयीने खिडकीत, रस्त्याकडे तोंड करून ठेवले. स्पीकर लोकांसाठी असतो, घरच्यांसाठी थोडाच! लगेच शेजारच्या रुखमाबाई दारात हजर. "काहून गा धर्मपाल, आज कोणाचं लगन हाय?" तेव्हा कुठे स्पीकरांची तोंडं आत वळली.

मग सोफा मधोमध ओढून, दोरीने अंतरं मोजून त्याने ममताला बसवलं. ती परक्या घरी बसावं तशी पदर सावरून बसली आणि गाणं रंगात येण्याआधीच उठली. "मले नाई समजत बापा. तूर निवडाची राह्यली माही." सूप घेऊन ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात टेकली.

धर्मपालने आधी वायरला शिव्या दिल्या, मग स्पीकरला. मग उंबऱ्याकडे बघता बघता त्याने कपाळावर हात मारला. सोफ्यावर पाहुणे बसतात. ममता तर लग्न होऊन आली तेव्हापासून उंबऱ्यातच, खाली बसते!

त्याने सगळी मांडणी मोडली. समोरचे तिन्ही स्पीकर पाटांवर उतरले, तिच्या कानांच्या उंचीला. मागचा एक सिलिंडरशेजारी, दुसरा पिठाच्या डब्यापाशी. गुडघ्यामुळे यंदा ममताचं वावरात जाणं बंद होतं, म्हणून तो रुखमाबाईंच्या वावरात कापूस वेचणीवर जाऊन आला. बायांच्या मधे ममतापुरती जागा सोडून तिच्या चहूकडे मोबाइल ठेवले आणि सगळ्यांचं बोलणं रेकॉर्ड करून आणलं.

पुन्हा मांडामांड बघून उंबऱ्यातल्या ममताने कानांत बोळे कोंबलेच होते. "काढ ते बोळे," तो म्हणाला. तिने कुरकुरत काढले.

डावीकडे बोंडांतून कापूस वेचल्याची खसखस सुरू झाली. समोर रुखमाबाई कोणाच्या तरी सुनेची नक्कल करत होत्या. उजवीकडून कोणी पाणी मागितलं. पाठीमागे एकजण फिसकन हसली, तशी ममता गर्रकन वळून म्हणाली, "काय झालं वो?" मागे पिठाचा डबा होता. ती लाजली, मग पोट धरून हसली आणि सूप बाजूला सारून ऐकत राहिली.

अन् नेमकी लाईट गेली. ममता गुडघ्यावर हात टेकत उठली.

"मी चहा ठेवतो," ती म्हणाली. "लाईट आली का मले आवाज देजा."