आधीच्या मुलीचं उरलेलं

नव्वदच्या दशकात जळगावात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले, त्यातल्या एकात मी ऑपरेटर होते. क्लासचे मालक, आम्ही त्यांना सर म्हणायचो, मुंबईहून कसलासा कोर्स करून आले होते आणि तो कोर्स त्यांच्या चालण्यातही दिसायचा. समाजाच्या वधू-वर सूचीचं काम त्यांनी फुकट करून द्यायचं कबूल केलं. फुकट कसलं, पहिल्याच पानावर कोट घातलेला फोटो येणार होता.

प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला, फॉक्सप्रोत. पडद्यावर एकाखाली एक चौकोन: नाव, गाव, तालुका, शिक्षण, उंची, वैवाहिक स्थिती. प्रत्येक चौकोनामागे एक व्हेरिएबल जोडलेलं असतं. टाइप केलेलं आधी त्यात जातं, आणि सेव्ह केलं की तिथून नव्या रेकॉर्डमध्ये उतरतं. एका मुलीची माहिती भरून झाली की दुसरीसाठी ही व्हेरिएबल्स रिकामी करायची असतात. जेवून उठलेल्याचं ताट न घासता आपण दुसऱ्यापुढे मांडत नाही, तेवढीच ही अक्कल. सरांनी ती रिकामी केलीच नव्हती. आधीच्या मुलीची सगळी माहिती पडद्यावर तशीच राहायची, तिच्यावरच पुढचीची टाइप करायची. एखादा चौकोन नुसता एंटर मारून सोडला की त्यात जुनंच राहायचं.

मी त्यांना हे दाखवलं. ते म्हणाले, मुद्दामच ठेवलंय, गाव-तालुका तेच तेच येतात, टायपिंग वाचतं. मी म्हटलं, निदान वैवाहिक स्थिती तरी रिकामी करा.

"ताई, प्रोग्राम मी लिहितो. तुम्ही टाइप करा," ते म्हणाले, आणि क्लासमधली पोरं हसली.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, तेव्हा लग्नाची होती. बी.ए. झालेली, उंच, सावळी, आणि नातेवाइकांच्या मते वय उलटत चाललेली. वडिलांनी, म्हणजे नानांनी, तिचा अर्ज भरला आणि शेवटच्या दिवशी पिंप्राळ्याहून सायकलवर येऊन क्लासात दिला. मी त्या दिवशी परीक्षेला धुळ्याला गेले होते, म्हणून तो कॉम्प्युटरवर सरांनीच भरला. नानांनी वैवाहिक स्थिती कोरी सोडली होती. लग्नाच्या मुलीच्या अर्जावर 'अविवाहित' काय लिहायचं, असं बहुतेक बापांना वाटायचं. असे अर्ज आले की मी आपणहून तो शब्द टाकायची. सरांनी एंटर मारला. आधीचा अर्ज एका घटस्फोटित मुलीचा होता.

सूची धुळ्याच्या मेळाव्यात वाटली गेली. धरणगावच्या एका घराशी अक्काचं जवळजवळ ठरलं होतं, तारीख काढायचीच बाकी होती. मुलाच्या मामाने मांडवात बसल्या बसल्या सूची चाळली, मिटली आणि नानांच्या शेजारून उठून गेला. चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला की तुम्ही आमच्यापासून लपवलंत. नाना धरणगावला जाऊन हात जोडून आले. आग असल्याशिवाय धूर निघत नाही, असं तिथल्या म्हातारीने त्यांना तोंडावर सांगितलं.

मी आणि नाना सरांकडे गेलो. सर म्हणाले, अर्ज कोरा कोणी सोडला? कॉम्प्युटर चूक करत नाही. मग फार उपकार केल्यासारखं म्हणाले की हवं तर शुद्धिपत्रक काढू.

"छापेल शे ते बठ्ठास्नी वाची लिधं," नाना म्हणाले. "आते आखो काय वाचाले देतस?" छापलेलं सगळ्यांनी वाचून झालं होतं, आता आणखी काय वाचायला देणार होते सर?

मी त्याच दिवशी नोकरी सोडली. सरांना त्याने काही फरक पडला नाही, दुसरी मुलगी आली.

नंतर घरी पत्रं येऊ लागली, सगळी बिजवरांची. सूचीत वाचलं म्हणूनच ती येत होती. नाना आधी फाडायचे, मग ठेवायला लागले, मग उत्तरं द्यायला लागले. धुळ्याचा एक विधुर, मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान, पदरात एक लहान मुलगी. माणूस वाईट नव्हता. पण अक्काने त्याला निवडलं नव्हतं, तो त्या चौकोनातून आला होता. अक्का हो म्हणाली. तुझ्या मनात काय आहे, हे विचारायचं धाडस मला झालं नाही, आणि मला फक्त त्या एंटरचा राग येत राहिला.

लग्नाला सर आले, कारण ते कुठेही यायचे. पंगतीत बसले. मी वरण-बट्टीवर वांग्याची भाजी वाढत त्यांच्यापर्यंत पोचले तेव्हा त्यांनी मान वर केली.

"बघा ताई," ते म्हणाले, "शेवटी आमच्या सूचीतूनच जमलं ना?"

मी त्यांना भाजी वाढली आणि पुढे सरकले. पुढच्या वर्षीच्या सूचीत 'आमच्यामुळे जुळलेले विवाह' या पानावर अक्का आणि दाजींचा फोटो आला. त्याखालची माहिती अगदी बिनचूक होती.