आमच्या कॉलवरचा चौथा वक्ता

भुताखेतांचं मला कधी पटलं नाही, आजही पटत नाही. तरी लिहितेय, कारण घरात हे पुन्हा पुन्हा सांगायचं त्राण उरलं नाही...

मी जालन्यात एका ऑफिसात नोकरीला. दोन वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हापासून आई गावी, आष्टीला एकटी होती. माझ्या घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे तिला आणता येत नव्हतं. आईला कोणी न्यायचं यावर दर रविवारी दुपारी माझा आणि दोन्ही भावांचा कॉल—विलास पुण्याला, संतोष संभाजीनगरला. आणि पुढच्या रविवारी दोघंही म्हणणार, "ताई, मी असं बोललोच नव्हतो."

शेवटी वैतागून मोबाईलवर एक ॲप घेतलं. कॉल रेकॉर्ड करून ते सगळं बोलणं लिहून देतं, फोनमधल्या फोनमध्येच. बाहेर काही जात नाही. भावांना सांगूनच सुरू केलं.

मागच्या हिवाळ्यातला कॉल. विलास म्हणाला, "माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही." संतोष गप्पच झाला. नेहमीसारखं काही न ठरता फोन ठेवला आणि लिहिलेलं वाचायला बसले. वक्ता एक, वक्ता दोन, वक्ता तीन... आणि संतोष गप्प झाला त्या जागी वक्ता चार: "तिला इचारलं का कोन्ही?"

आमच्यापैकी कोणीच हे बोललं नव्हतं. रेकॉर्डिंग ऐकलं, तर तिथं चार सेकंद नुसती शांतता. नेट बंद करून पुन्हा लिहायला लावलं. तेच वाक्य, त्याच जागी. एरवी हे ॲप आमचं बोलणं शुद्ध करून लिहितं, हे एकच गावाकडच्या बोलीत.

ऑफिसात कम्प्युटर बघणाऱ्या मुलीला दाखवलं. "मॅडम, शांतता असली की ही ॲप्स कधी कधी मनाचं लिहितात," ती म्हणाली. असेल. पण मनाचं लिहायचं, तर नेमकं हेच?

मला भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. खरंच कोणी विचारलं नव्हतं.

शनिवारी एसटीनं आष्टीला गेले. आई गहू निवडत होती. तिला सगळं सांगून ते वाक्य वाचून दाखवलं. तिनं मान वरसुद्धा केली नाही.

"मंग इचारा की आता."

"कुठं राहायचंय तुला?"

"शांताकडं, भोकरदनला. तीबी एकलीच हाये." शांता म्हणजे माझी मावशी. "तुम्ही तिघं बोलून राह्यले, मला वाटलं तुमचं ठरलं आसंल."

आता दोघी बहिणी भोकरदनला राहतात. भाऊ म्हणतात, ॲपची चूक. रविवारचे कॉल मी अजून रेकॉर्ड करते. मधे कितीदा शांतता पडते, पण वक्ते तीनच. ते कोण होतं, काय होतं, मला आजही सांगता येत नाही.

परवा आईला विचारलं, "तुला काय वाटतं, कोण असेल?"

"कोन्ही का असंना," ती म्हणाली. "तुमच्या आधी त्याला सुचलं."